मोहिनीची दाढी

माझ्या नवऱ्याच्या गालांशी माझा संबंध लग्नापासूनचा असला, तरी त्यांच्याकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याची वेळ माझ्यावर या वर्षीच आली.

सुशांत वर्षभर भांडुपच्या एका पतपेढीत काउंटरवर बसतो. त्याला बऱ्यापैकी मिशी आहे आणि तो चारचौघांसारखा पुरुष आहे. वर्षातून एक दिवस मात्र तो बाई होतो. आमच्या मुलुंड पूर्वेच्या सुमंगल सोसायटीत मालवणकडची बरीच कुटुंबं आहेत, आणि त्यांतल्या पुरुषांचं एक हौशी दशावतारी मंडळ आहे. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात, आपापला रंग आपणच लावतात, आणि नाटकाची लिखित संहिता नसते. गोष्ट सगळ्यांना माहीत असते. संवाद ज्याला जसे सुचतील तसे तो बोलतो. प्रयोगशाळेत वाढलेल्या मला या पद्धतीची पहिली काही वर्षं धास्तीच वाटायची. कृती न लिहिता प्रयोग करायचा म्हणजे काय?

गेल्या वर्षी सुशांत इंद्राच्या दरबारातली अप्सरा होता. सकाळी त्याने नेहमीच्या प्लॅस्टिकच्या, एकावर एक पाती असलेल्या रेझरने दाढीमिशी काढली. रात्री हॅलोजनखाली घाम आला आणि तोंडाला फासलेल्या सफेद्यातून लालबुंद पुळ्या एकेक करून वर आल्या. पहिल्या रांगेतून आवाज आला, "गो बाय, तुका गोवर इलो काय?"

तो नाचत राहिला. पण घरी आल्यावर जेवला नाही.

यंदा मंडळाचे जुने स्त्रीपार्टी गुडघ्यांमुळे निवृत्त झाले आणि मोहिनी सुशांतकडे आली. विष्णू मोहिनीचं रूप घेऊन भस्मासुराला नाचायला लावतो, त्या आख्यानातली मोहिनी. स्त्रीपार्टी माणसाच्या आयुष्यात याहून मोठं काही नसतं, असं मला सांगण्यात आलं. भस्मासुर दरवर्षीप्रमाणे चंद्रप्रकाश परब. ते मंडळाचे मालक, शिवाय आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. बाकीचे राक्षस लोकरीची मिशी चिकटवतात. परबांची मिशी स्वतःची आहे. ते तिला खोबरेल लावतात आणि बोलताना दोन्ही टोकांना आळीपाळीने हात लावून ती जागेवर असल्याची खात्री करून घेतात.

"सुशांत, मोहिनी तुका दिलंय," ते आमच्या सोफ्यावर बसून म्हणाले. "पण तोंडार एक पुळी जरी दिसली ना, तर पुढल्या वर्षापासून मोहिनी मालवणसून बोलवतलंय. मग तू आयुष्यभर अप्सरा. समजलं?"

सुशांतने मान हलवली. ते गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "अनू, तू सायन्सची ना? कर ना काहीतरी."

पुळी हा माझा विषय नाही. पण फेस आहे. मी अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत साबण आणि शांपू तपासते. फेस किती उंच येतो, किती वेळ टिकतो, बुडबुडे कसे फुटतात, हे पाहून मी शेरा देते. मोठमोठे साबण माझ्या शेऱ्याला भितात. त्यामुळे एका माणसाची दाढी ही काही मला अवघड गोष्ट वाटली नाही. हा अहंकार होता, हे पुढे कळलं. अहंकाराची चाचणी मात्र आमच्याकडे होत नाही.

मी वाचन केलं. निदान सोपं होतं. अनेक पात्यांचा रेझर केस ओढून त्वचेच्या खालून कापतो. मग तो केस बाहेर यायच्या ऐवजी आतल्या आत वळतो आणि पुळी येते. उपाय जुनाच होता: एक पातं, ब्रशने केलेला दाट फेस, आणि केसांच्या दिशेने हलका हात. वस्तरा सुशांतला बघवतही नव्हता, म्हणून राहिला तो पूर्वीच्या पुरुषांचा सेफ्टी रेझर. खाली दांडा, मध्ये जाळी, तिच्यावर ब्लेड, वर टोपण; टोपण दांड्याला फिरवून बसवायचं. एवढाच.

पण रेझर निवडायचा आहे, ही बातमी सोसायटीत फुटली. ती माझ्या सासूबाईंनी लिफ्टमध्ये फोडली.

पहिले आले समोरच्या ब्लॉकमधले शिवदासकाका. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. रुमालात गुंडाळून त्यांनी स्वतःचा रेझर दर्शनाला आणला होता.

"हा मला लग्नात सासऱ्यांनी दिला," ते म्हणाले. "सासरे गेले, केस गेले, दात गेले. रेझर आहे."

"कुठल्या कंपनीचा हो काका?"

"नाव पुसलं गेलंय. अहो, रेझर निवडणं म्हणजे जावई निवडण्यासारखं असतं, अनुपमाताई. फार हलका नको, फार जड नको. आणि दात बाहेर आलेला तर नकोच नको."

जाळीच्या दातांविषयी ते बोलत होते हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, कारण त्यांच्या जावयाला मी पाहिलं आहे.

मग वरच्या मजल्यावरचा निलेश आला. तो आयटीत आहे आणि त्याची दाढी छातीपर्यंत आहे. दाढी न करणाऱ्या माणसाला दाढीच्या सामानाची जेवढी माहिती असते, तेवढी मी अन्य कुणाकडे पाहिली नाही. त्याने मला ब्रशचे प्रकार सांगितले, कुठल्या देशातलं ब्लेड कुठल्या हवेत चांगलं हे सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "पण वहिनी, एवढं कशाला? मोहिनीला बिअर्डच ठेवा ना. डिफरंट वाटेल."

सासूबाईंचं, म्हणजे सुलक्षणाबाईंचं, मत सगळ्यात कमी शब्दांत होतं. "तुरटी लाव नि गप रव."

मी मधल्या वजनाचा, मिटलेल्या दातांचा, पितळी रेझर मागवला. जुना प्लॅस्टिकचा रेझर मी सुक्या कचऱ्यात टाकला. परतीची वाट ठेवली की माणूस प्रयोग मनापासून करत नाही.

सराव फुग्यावर करायचा असतो. फुग्याला फेस फासायचा आणि फुगा न फोडता तो रेझरने उतरवायचा. रविवारी सकाळी मी फुगा फुगवला, त्याच्यावर स्केचपेनने नाक आणि मिशी काढली, आणि बाथरूमच्या बेसिनपाशी वाटीत ब्रश फिरवायला घेतला.

फेस आला नाही.

म्हणजे अगदीच नाही असं नाही. फाटलेल्या दुधासारखं काहीतरी आलं, आणि आम्ही बघत असताना तेही बसलं. मी साबण वाढवला. चोथा वाढला. मी मनगटातून ब्रश फिरवला, कोपरातून फिरवला, खांद्यातून फिरवला. सुशांत शेजारी टॉवेल गळ्यात अडकवून उभा होता. तो स्वभावाने चांगला आहे. तो फक्त एवढंच म्हणाला, "ऑफिसमध्ये पण असंच होतं का गं?"

त्या चोथ्यावरच त्याने पहिला हात मारला आणि फुगा फुटला. बंद बाथरूममध्ये फुगा फुटल्यावर काय आवाज होतो, याचा मी आधी विचार केला नव्हता. शिवदासकाका जिन्यातली वाळूची बादली घेऊन धावत आले. त्यांना सिलिंडर वाटला. त्यांच्यामागे निलेश. सासूबाई टीव्हीसमोरून न उठता म्हणाल्या, "वाढदिवस कोणाचो असा आज?"

बारा घरचे सल्ले ऐकून घेईन, पण फेस मला येत नाही हे मी ऐकून घेणार नव्हते. तोच साबण मी दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत नेला. शुद्ध पाण्यात त्याने असा फेस दिला की ब्रश त्यात उभा राहिला. म्हणजे साबण निर्दोष होता, मी निर्दोष होते, आणि गुन्हेगार घरीच होता.

घरी येऊन मी दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी, दुसरीत बाथरूमच्या बेसिनचं. दोन्हींत साबणाचा सारखाच कीस. हलवल्यावर पहिलीत फेस गळ्यापर्यंत चढला. दुसरीत पांढरा गाळ खाली बसला. पाण्यात क्षार जास्त असले की असं होतं, आणि आमच्या इमारतीत क्षारांचं पाणी एकच आहे: मागच्या बोअरवेलचं. ते फक्त फ्लशसाठी असतं. असायला हवं.

"म्हणजे?" सुशांत म्हणाला.

"म्हणजे मागे कधीतरी प्लंबरने इमारतीचे पाईप बदलले तेव्हा सगळ्यांच्या बेसिनची लाईन फ्लशच्या टाकीला जोडली. आपण इतकी वर्षं संडासाच्या पाण्याने तोंड धुतोय."

त्याने आरशात स्वतःचं तोंड पाहिलं. मग म्हणाला, "हे आईला सांगू नको."

मी आईला सांगितलं नाही. मी परबांना सांगितलं, आणि तेही कमिटीच्या सभेत, बाटल्या घेऊन. कमी बोलणाऱ्या माणसाची हीच अडचण असते; बोलायचं ठरवलं की जागा चुकते. मी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवून हलवल्या. मग शिवदासकाका उठून म्हणाले, "म्हणजे माझी कवळी... मी रोज..." आणि खाली बसले. मग सगळेच एकदम बोलायला लागले.

परबांनी मिशीच्या डाव्या टोकाला हात लावला. "वहिनी, पाणी महापालिकेचंच आहे. एक नंबर पाणी आहे."

"मग हा गाळ कसला?"

"तो तुमच्या साबणाचा प्रॉब्लेम असेल. बाटली दाखवून तक्रार होत नाही. तुम्ही असं करा, लेखी द्या."

मी लेखी दिलं. ते परत आलं, कारण फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि सही एकीचीच होती. दोघांच्या सह्यांनी दिलं. ते परत आलं, कारण 'पाणी' आणि 'प्लंबिंग' या तक्रारी वेगवेगळ्या करायच्या असतात. वेगवेगळ्या केल्या. तोवर प्रत्येक घरात कुणी ना कुणी बाटली हलवत होतं आणि लिफ्टमध्ये परबांशी कुणी बोलत नव्हतं. तालमीत ते सुशांतला म्हणाले, "तुझ्या बायकोन सोसायटीची अब्रू काढल्यान. आता तुझा तोंड बघतंय मी. नीट बघतंय. भिंग घेऊन बघतंय."

शेवटी नोटीस लागली. नव्या लाईनचं काम: सोमवारी. दिवसभर पूर्ण इमारतीचं पाणी बंद.

प्रयोगही सोमवारीच होता. मैदानावरच्या मालवणी महोत्सवात शनिवार-रविवार कोकणातून आलेल्या मोठ्या कंपन्यांना देतात. हौशी मंडळाच्या वाट्याला सोमवार येतो. मी म्हटलं, ठीक आहे, आपण सलूनमध्ये जाऊ. आणि म्हणतानाच आठवलं की सोमवारी सलूनं बंद असतात. अवघ्या मुंबईची दाढी करणारे सगळे न्हावी त्या एका दिवशी घरी बसतात, आणि हे लहान मुलालाही माहीत असतं. स्टेशनजवळचं एक काचेचं, गुलाबी दिव्यांचं सलून तेवढं उघडं होतं. तिथली मुलगी गोड हसून म्हणाली, "मॅम, आम्ही बिअर्ड स्टायलिंग करतो. शेप देतो, कलर करतो, स्पा करतो."

"आणि काढता?"

"काढत नाही मॅम."

तेव्हा ठरलं की दाढी मैदानावर, रंगपटात करायची. बादलीत भरून ठेवलेल्या पाण्याने ती घरीही झाली असती, पण हे जास्त शास्त्रशुद्ध होतं. जितकी उशिरा दाढी, तितके खुंट कमी. मी डब्यात सामान भरलं: रेझर, ब्रश, साबण, ब्लेडचं पाकीट, सासूबाईंची तुरटी, आणि दुकानातून आणलेली पाण्याची बाटली, जिच्या पाण्याचा फेस मी घरी तपासून घेतला होता. सुशांत पुढे गेला. मी आणि सासूबाई मागून गेलो.

फाटकावर सुरक्षारक्षकाने माझा डबा उघडला. "मॅडम, ब्लेड अलाऊड नाही."

"दाढीसाठी आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाईंकडे पाहिलं.

"आमच्यापैकी कुणाची नाही," मी म्हटलं. "मोहिनीची."

"मोहिनीला पाठवा मग इथे."

सासूबाई पुढे झाल्या. "मेल्या, आत बघ. तो बघ स्टॉल. आदोळी विकतत, कोयते विकतत, खोबरा किसूक विळ्यो विकतत. तां चालता? नि माझ्या झिलाची दाढी चालणा नाय?"

रक्षकाने आत वळून पाहिलं. खरंच फाटकापासून पहिलाच स्टॉल कोयत्यांचा होता. त्याने विचार केला आणि, नियम आणि म्हातारी या दोन्हींचा मान राखून, एक ब्लेड माझ्या हातावर ठेवलं आणि पाकीट ठेवून घेतलं.

रंगपट म्हणजे स्टेजच्या मागे, स्टेजच्याच उंचीवर फळ्या टाकून कनातीने बंद केलेली जागा. प्रत्येक नट आपापल्या पेटाऱ्यावर बसून पुढ्यात आरसा ठेवून रंग लावत होता. नारद चहा पीत होता. शंकर चार्जर शोधत होता. समोर पूर्वरंग सुरू झाला होता, गणपती येऊन गेला होता, आणि परब चिलखतात उभे राहून मिशीला शेवटचा हात देत होते. आम्हाला पाहून त्यांनी नाकातून श्वास सोडला आणि निघून गेले. त्यांची एंट्री आधी असते.

मी वाटीत बाटलीतलं पाणी घेतलं, ब्रश फिरवला, आणि फेस आला.

काय फेस आला! दाट, पांढरा, रेशमासारखा, आणि ब्रशच्या टोकावर शिखर धरून उभा. नारद चहा ठेवून बघायला आला. मी त्या फेसाला मनातल्या मनात उत्तम असा शेरा दिला आणि त्याला आणखी थोडं उत्तम करायला घेतलं. या आणखी थोड्यात बराच वेळ गेला असावा, कारण सुशांत म्हणाला, "अनू, मला तो तोंडाला लावायचाय, प्रदर्शनात नाही ठेवायचा."

त्याने उजवी बाजू केली. गाल, हनुवटी, गळा, अर्धी मिशी. आवाज असा येत होता की कोरड्या पानांवरून कुणीतरी हळू चालतंय. कुठे ओरखडा नाही, कुठे लाली नाही. मी बोट फिरवून पाहिलं. गाल काचेसारखा होता. मला वाटलं, संपलं, जिंकलो.

"रेझर भरलाय फेसाने," तो म्हणाला. "कापत नाहीये."

"उघड आणि धू. ब्लेड सांभाळ."

त्याने ब्लेड सांभाळलं. टोपण निसटलं. ते फळीवर एकदा उडालं, गोल फिरलं, आणि दोन फळ्यांमधल्या फटीतून खाली स्टेजच्या पोटात गेलं.

टोपणाशिवाय ब्लेड दांड्यावर बसत नाही. दुसरा रेझर कुणाकडेच नव्हता. बाकीचे सगळे घरून दाढी करून आले होते. शंकर म्हणाला, "मेडिकलमधून आणतो," आणि जटा सावरत मागच्या वाटेने पळाला. बाहेर परबांची गर्जना झाली. "या त्रैलोक्यात माझ्यासमोर कोण उभा राहील?" म्हणजे मोहिनी आता कधीही.

"मी शोधते," मी म्हटलं. "तू रंग लाव. डावीकडे पदर घे."

"अर्ध्या मिशीवर?"

"पदर घे म्हटलं ना!"

स्टेजची कनात मागून उचलून मी खाली शिरले. रसायनशास्त्रातली एम.एस्सी., बेताच्या उंचीची, सिल्कची साडी, हातात मोबाईलचा दिवा. खाली बांबू, वायरी, शहाळ्याचं एक करवंट आणि एक मांजर होतं. मांजराने माझ्याकडे ही जागा घेतलेली आहे अशा नजरेने पाहिलं. मी गुडघ्यांवर पुढे सरकले. वर मृदंग आणि पायपेटी इतक्या जवळून वाजत होती की दातांत कळत होतं. टोपण कुठे दिसेना. शोधत शोधत मी बरोबर स्टेजच्या मध्याखाली पोचले, आणि तेवढ्यात वर घुंगरं वाजली. सुशांत आला होता.

मला स्टेज दिसत नव्हतं. पुढच्या झालरीच्या फटीतून फक्त प्रेक्षक दिसत होते, आणि पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घेऊन, सासूबाई.

"हे सुंदरी!" परबांचा आवाज. "तू कोण? कोणाची? मला वर."

"असुरा," सुशांतचा आवाज पदरातून आल्यासारखा येत होता, "मी जे करीन ते तू केलंस, तरच मी तुला वरेन. वचन?"

"दिलं! या सगळ्या रसिकांच्या साक्षीने दिलं!" इथे नाच सुरू व्हायचा असतो. मोहिनी नाचत नाचत स्वतःच्या डोक्यावर हात ठेवते, भस्मासुरही ठेवतो, आणि शंकराच्या वरामुळे स्वतःच भस्म होतो. पण परबांना मोहिनीचं तोंड नीट बघायचं होतं. त्यांनी तसं सांगितलंच होतं. "पण आधी तो पदर दूर कर. तुझा मुखचंद्र मला पाहू दे."

"लाज वाटते, असुरा."

"लाज कसली? कर म्हणतो ना!"

"नको ना!"

वर पावलांची झटापट झाली. मग पायपेटीवाल्याने एक सूर धरून ठेवला तो सोडलाच नाही.

मी प्रेक्षकांची तोंडं बघत होते. ती सगळी उघडी होती. मग कुणीतरी मागून ओरडलं, "मुखचंद्र अर्धोच असा रे!" आणि हशाचा जो लोंढा आला, त्याने झालर हलली. मला गेल्या वर्षीची न जेवलेली रात्र आठवली. मी डोळे मिटून घेतले. सासूबाईंच्या शेजारची बाई म्हणत होती, "अगो, मोहिनीक मिशी?"

"असतलीच," सासूबाई तोंड वळवून ठणकावून म्हणाल्या. "विष्णूच तो. सगळीच खंय काढतलो?"

आणि वर सुशांत बोलायला लागला. पतपेढीतला सुशांत नव्हे. आवाज थंड, गोड, आणि मला अनोळखी.

"हसा, रसिकहो. पण असुरा, तू हसू नकोस. मला सकाळपर्यंत पुरी मिशी होती. तुझ्यासाठी मी अर्धी उतरवली. आणि तू वचन काय दिलंस? मी जे करीन ते तू करशील." कमरेतून काहीतरी काढल्याचा आवाज आला. तो रेझरचा दांडा असणार, कारण लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आता तुझी पाळी."

मृदंगवाल्याने एक थाप दिली.

"सुंदरी," परबांचा आवाज खाली आला, "नाच करूया का?"

"आधी मिशी."

"अर्धी?"

"अर्धीच. मी कुठे पुरी मागतेय?"

"काढ! काढ!" मागच्या रांगेने सुरुवात केली. मग सगळं मैदान. "काढ! काढ! काढ!" मी फटीतून पाहिलं, शिवदासकाका उभे राहून ओरडत होते, आणि त्यांच्या ओरडण्यात कवळीचा सगळा राग होता.

"मेल्या सुशांत," परब हळू बोलले. पण मी त्यांच्या पायांखालीच होते. "गप नाच कर."

"वचन, असुरा," सुशांत मोठ्याने म्हणाला.

वर घुंगरांचं एक पाऊल पुढे गेलं. चिलखताचं एक पाऊल मागे गेलं. पुन्हा एक पुढे, पुन्हा एक मागे. मग परबांनी असा श्वास घेतला की तो मला फळीतून ऐकू आला.

"हे महादेवा!" ते गरजले. "तुझ्या भक्ताचं भस्म झालं तरी चालेल! पण मिशी? कदापि नाही!"

आणि मोहिनीच्या नाचाची, हावभावाची, आख्यानाच्या पुढच्या सगळ्या भागाची वाट न बघता, भस्मासुराने स्वतःचा हात स्वतःच्या डोक्यावर खाडकन ठेवला आणि तो आडवा झाला.

तो बरोबर माझ्या डोक्यावर आडवा झाला. सगळं स्टेज हादरलं. मांजर पळालं. फळ्यांच्या सांध्यातून धूळ पडली, पाठोपाठ कुणाचा तरी जुना कानातला डूल पडला, आणि मग पितळेचं काहीतरी आडव्या बांबूवरून घरंगळत आलं, एका वायरीवर आपटलं आणि माझ्या पदरात पडलं.

टोपण.

बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या. मी झालरीतून सासूबाईंकडे पाहिलं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, त्यांनी पर्समधला रुमाल काढून डोळ्यांना लावला होता, आणि शेजारणीला सांगत होत्या, "माझो झील तो. मोहिनी माझो झील." मी तिथेच, करवंटाशेजारी, मांडी घालून बसले. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मी रंगपटात पोचले तेव्हा शंकर धापा टाकत प्लॅस्टिकचा रेझर घेऊन परत आला होता. त्याला कुणी विचारलं नाही. सुशांत पेटाऱ्यावर बसला होता, अर्धा बाई आणि अर्धा नवरा, आणि हसत होता. सफेद्याखाली एकही पुळी नव्हती. मी टोपण धुतलं, रेझर जोडला, उरलेल्या फेसाला थोडं पाणी दिलं, आणि या वेळी तो आणखी उत्तम करत बसले नाही.

तेवढ्यात परब आत आले. कपाळावर टेंगूळ आलं होतं. त्यांनी आधी सुशांतकडे पाहिलं, मग जवळ येऊन त्याच्या उजव्या गालाकडे, अगदी भिंग घेतल्यासारखं.

"पुळी नाय," ते शेवटी म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.

"पुढल्या वर्षी मोहिनी तुझीच," ते सुशांतला म्हणाले. "लोक आत्तापासून इचारतत. पण मिशी अर्धीच होयी. पुरी काढलंस तर स्टेजवर घेवचंय नाय."

"आणि परबसाहेब, पाणी?" मी विचारलं.

"पाणी झालं, वहिनी. फोन इलो आत्ताच. बेसिनात आता एक नंबर पाणी." मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. मी रेझर धरून उभी होते. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि मिशीवर आडवा बसला.

तो अजून खाली आलेला नाही, असं म्हटलं तरी चालेल. लिफ्टचं दार उघडलं आणि आत मी दिसले की परबसाहेब मिशी झाकून घेतात आणि हाताआडून म्हणतात, "वहिनी, काय तक्रार असेल तर तोंडीच सांगा."